डब्यावर हजार, पोटात एकशेचाळीस

वाचकांचे प्रश्न : अमिनो अ‍ॅसिडशी जोडलेल्या खनिजांच्या गोळ्या

लोह, मॅग्नेशियम, झिंक यांच्या ‘चिलेटेड’ किंवा ‘ग्लायसिनेट’ गोळ्यांबद्दल या खेपेला इतकी पत्रं आली की पूर्ण सदर त्यांनाच द्यावं लागलं. उत्तरं आमच्या आहारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञांनी मिळून लिहिली आहेत.

विलेपार्ले : मी फेरस सल्फेटची २०० मिलिग्रॅमची गोळी घ्यायचे. केमिस्टने त्याऐवजी ‘फेरस बिसग्लायसिनेट १५० मिलिग्रॅम’ दिली आणि म्हणाला, ही अमिनो अ‍ॅसिडवाली, पोटाला हलकी. हे नक्की काय असतं? आणि १५० म्हणजे कमी ताकदीची झाली का?

चिंबोरी आपल्या डेंग्यांत एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी कशी पकडते, ते डोळ्यांसमोर आणा. ‘चिलेट’ हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आला. मॉर्गन आणि ड्र्यू या रसायनशास्त्रज्ञांनी तो १९२० मध्ये रूढ केला. तुमच्या गोळीत मध्ये लोहाचा एक अणू असतो आणि त्याला ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो अ‍ॅसिडच्या दोन रेणूंनी धरलेलं असतं. दोन, म्हणून ‘बिस’.

या पकडीचा उपयोग असा. सल्फेटमधलं लोह पोटात गेलं की लगेच मोकळं होतं. मोकळं लोह आतड्याच्या अस्तराला टोचतं, त्यातून मळमळ आणि जळजळ होते. शिवाय पोळी-डाळीतली फायटेट्स आणि चहातली टॅनिन्स त्याला वाटेतच गाठतात. ग्लायसिनने धरलेलं लोह त्यांच्या तावडीत कमी सापडतं. पोटातल्या आम्लात थोडी पकड सुटतेच, त्यामुळे ‘शंभर टक्के शोषण’ असं कोणी छापलं असेल तर ते जाहिरात म्हणून वाचा.

आता ताकदीचं. गोळीच्या नावापुढचा आकडा पूर्ण संयुगाच्या वजनाचा असतो, लोहाचा नव्हे. लेबलवर बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल आयर्न’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा निव्वळ लोहाचा. कोरड्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये निव्वळ लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. बाजारातल्या बिसग्लायसिनेटमध्ये साधारण २० टक्के धरलं, तर तुमच्या १५० मध्ये ३० मिलिग्रॅम. म्हणजे निव्वळ लोह निम्म्याहूनही कमी झालं. पण शोषण बरं असल्यामुळे सरळ वजाबाकी करून चालत नाही. डेन्मार्कमध्ये गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बिसग्लायसिनेटमधल्या २५ मिलिग्रॅम लोहाने सल्फेटमधल्या ५० मिलिग्रॅमइतकंच काम केलं, आणि पोटाच्या तक्रारी कमी आल्या. तिथे प्रश्न लोहाची कमतरता होऊ न देण्याचा होता, हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईला वर काढण्याचा नव्हता. तेव्हा तुमची गोळी डॉक्टरांनी रक्तक्षयासाठी लिहून दिलेली असेल, तर हा बदल त्यांना कळवा. काउंटरवर परस्पर झालेली अदलाबदल चालवून घेऊ नका.

एक गोष्ट पाकिटावर बघा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक आणि ‘हेल्थ सप्लिमेंट’ असे शब्द असतील, तर कायद्याच्या लेखी ते अन्न आहे, औषध नव्हे. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं त्यावर छापावंच लागतं. औषधाच्या पट्टीवर औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. उपचारासाठी शक्यतो ही दुसरी घ्या.

बोरिवली : वय ४१. हिमोग्लोबिन ९.२ होतं, दोन महिने रोज लोहाची गोळी घेऊन ९.४ झालं. सकाळी ६.१० ची चर्चगेट फास्ट असते, म्हणून थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चहाबरोबर एकदमच घेते. बद्धकोष्ठता आहे आणि शौच काळी होते. आता अमिनो अ‍ॅसिडवाली घेऊ का?

गोळी बदलण्याआधी वेळ बदला. कॅल्शियम लोहाला अडवतं. लोह आणि कॅल्शियम दोघंही थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. आणि चहा लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणतो. तिन्ही गोळ्या चहाच्या एका घोटाबरोबर घेतल्या म्हणजे पैसे तिन्हींचे गेले आणि उपयोग एकीचाही धड झाला नाही. बिसग्लायसिनेट आणलं तरी थायरॉक्सिनची अडचण तशीच राहील.

तुमच्या वेळापत्रकात हे असं बसेल : उठल्याबरोबर, समजा पाचला, थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम ऑफिसात दुपारच्या डब्याबरोबर. ते कार्बोनेट असेल तर जेवणासोबतच नीट शोषलं जातं. लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. थायरॉक्सिन आणि इतर दोघं यांच्यात किमान चार तास, लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन. गोळी घेऊन लगेच आडवं झाल्यावर छातीत जळजळत असेल, तर अकराच्या सुमारास ऑफिसात घ्या, पण मग तो अकराचा चहा सोडावा लागेल. थायरॉइडच्या गोळीचं शोषण सुधारलं की तिचा डोस जास्त ठरू शकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा.

दुसरं, रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या लावलेल्या दारावर जाऊन आदळते. न शोषलेलं लोह मोठ्या आतड्यात पोचलं की बद्धकोष्ठता होते. एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतून जास्त लोह मिळतं आणि पोटही कुरकुरत नाही. एवढं करूनही त्रास राहिला तर बिसग्लायसिनेटकडे वळणं रास्त आहे, त्याचा खरा फायदा तिथेच आहे.

हिरवट-काळी शौच लोहामुळे होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असेल, तर मात्र वरच्या आतड्यातून रक्त जात असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

वेळा सुधारून महिनाभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने चढलं नाही, तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासा. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे हे नक्की. कुठे सूज वा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं, म्हणून ३० च्या आतला आकडाही डॉक्टर संशयास्पद धरतात. फेरिटिन चांगलं, पण सीबीसीमधलं (रक्तपेशींच्या साध्या चाचणीतलं) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं आकारमान, कमी, असं दिसलं तर एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची चाचणी करायची. तो आकडा ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो, आणि त्यात वर्षानुवर्षं लोह गिळण्याने काही साधत नाही, साठा वाढून उलट नुकसान होतं. लोहाची कमतरता असताना हा आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून आधी ती भरून काढून मग चाचणी. आणि ४१ व्या वर्षी पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं यातलं काहीही करण्याआधीचं काम आहे. बादलीला भोक असताना नळ मोठा करून काय होणार?

हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं की गोळ्या बंद करण्याची घाई नको. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

मुलुंड : वय ६६, मधुमेह, क्रिएटिनिन १.९. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, झोपही नाही. मुलाने ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ ऑनलाइन मागवून दिलं, दोन गोळ्या रोज. अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल चार वर्षांपासून चालू आहे. हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि ती क्रिएटिनिनची. ६६ वर्षांच्या पुरुषाचं १.९ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ढोबळमानाने ३८ च्या आसपास. जास्तीचं मॅग्नेशियम शरीराबाहेर काढण्याचं काम जवळजवळ सगळं मूत्रपिंडाचंच असतं. क्षमता ३० च्या खाली गेली की ते साठायला लागतं, आणि तुम्ही त्या रेषेपासून फार लांब नाही. साठल्याची लक्षणं आधी मळमळ, अंगात गरम वाटणं, हातापायांतली शक्ती जाणं, पुढे रक्तदाब उतरणं आणि नाडी मंद होणं. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणं ‘वयामुळे’ म्हणून खपून जातात. रक्तातलं मॅग्नेशियम (सीरम मॅग्नेशियम) तपासा आणि तोपर्यंत गोळ्या थांबवा. नेहमीची मर्यादा १.७ ते २.२. घरात मिल्क ऑफ मॅग्नेशिया किंवा अँटासिड जेल असेल तर त्यातही मॅग्नेशियमच असतं, तेही मोजा.

पॅन्टोप्रॅझोलचा उल्लेख केलात ते बरं झालं. या गटातली औषधं वर्षभराहून जास्त काळ घेतली की काहींचं मॅग्नेशियम खरोखर उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशाराही दिला होता. म्हणजे तुमचं मॅग्नेशियम एका बाजूने कमी व्हायचं कारण हजर, दुसऱ्या बाजूने वाढायचं कारणही हजर. अंदाज बांधण्यात अर्थ नाही, रक्त तपासूनच कळेल. चार वर्षं झाली तरी ती अ‍ॅसिडिटीची गोळी लागतेच का, हेही त्याच भेटीत विचारा.

आता डब्यावरच्या हजाराकडे येऊ. बिसग्लायसिनेटमध्ये निव्वळ मॅग्नेशियम फार तर १४ टक्के. १००० मिलिग्रॅमच्या गोळीत १४०, दोन गोळ्यांत २८०. हे प्रामाणिक लेबल झालं. दुसऱ्या एखाद्या डब्यावर ‘एका गोळीत ४०० मिलिग्रॅम एलिमेंटल मॅग्नेशियम, ग्लायसिनेट’ असं दिसलं तर जरा थांबा. तेवढ्यासाठी २.८ ग्रॅम ग्लायसिनेट लागेल, आणि २.८ ग्रॅमची गोळी कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. घटकांची यादी वाचा, त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड सापडेल, किंवा ‘बफर्ड’ असा गोड शब्द. ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम ६० टक्के असतं आणि ते स्वस्त पडतं, पण शोषलं कमी जातं आणि पोट ढिलं करतं. ‘ग्लायसिनेट घेऊनही जुलाब झाले’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या डब्यात बहुतेकदा हेच निघतं. ज्यांची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, त्यांनीही गोळ्यांतून मिळणारं मॅग्नेशियम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला ३५० च्या वर नेऊ नये. आहारातल्या मॅग्नेशियमला ही मर्यादा लागू नाही. नाचणी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या खुशाल खा. मात्र मूत्रपिंडामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम-फॉस्फरसचं पथ्य सांगितलं असेल तर तेच पाळा.

गोळे आणि झोप यांचं काय? उतारवयात रात्री पोटऱ्यांत गोळे येण्यावर मॅग्नेशियमने फारसा फरक पडत नाही, असंच चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. झोपेचा पुरावाही लेचापेचा आहे. ग्लायसिनने झोप सुधारते असं म्हणणाऱ्या अभ्यासांत ३ ग्रॅम ग्लायसिन दिलं होतं. तुमच्या एका गोळीत ते एक ग्रॅमही भरत नाही. मधुमेह्यांच्या पोटऱ्यांत गोळे येण्यामागे नसांचा त्रास, रक्तपुरवठा, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ नक्की तपासा.

गिरगाव : कोविडपासून रोज झिंक ५० मिलिग्रॅम घेतो, सर्दी होत नाही. चालू ठेवू का?

नको. पुरुषांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये ठरवलेली दिवसाची गरज १७ मिलिग्रॅम, सुरक्षित कमाल मर्यादा ४०. ५० हा आकडा निव्वळ झिंकचा आहे की संयुगाचा, ते आधी बघा. ग्लायसिनेट असेल तर त्यात झिंक जास्तीत जास्त ३० टक्के, म्हणजे ५० चे १५ होतात आणि घाबरण्यासारखं काही राहत नाही. पण बरेच ब्रँड निव्वळ ५० देतात.

जास्तीचं झिंक थेट विषासारखं वागत नाही, ते तांब्याला बाहेर काढतं. आतड्याच्या पेशी झिंक वाढलं की मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला जास्त घट्ट पकडतं, आणि त्या पेशी गळून पडल्या की तांबं शौचावाटे निघून जातं. महिनोन्‌महिने असं चाललं की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी उतरतात, तळपायांना बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. हा रक्तक्षय लोहाने हटत नाही, आणि नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. झिंक अमिनो अ‍ॅसिडला बांधलेलं असलं तरी यात सवलत मिळत नाही. उलट शोषण चांगलं म्हणजे परिणामही चांगलाच. सीबीसी आणि सीरम कॉपर करून घ्या. पायांना मुंग्या येत असतील तर गोळ्यांचा डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा.

घाटकोपर : केस गळतात. पार्लरमधून मिळालेल्या गोळीत ‘सेलेनोमेथिओनिन २०० मायक्रोग्रॅम’ आहे. उपयोग होईल?

सेलेनियम जास्त झाल्यावरही केसच गळतात. नखं ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं. दोनशे लोक आजारी पडले आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गेले.

हे संयुग नांगीच्या पकडीतलंही नाही. यात मेथिओनिन या अमिनो अ‍ॅसिडमधल्या गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेलं असतं. शरीर त्याला साधं मेथिओनिन समजून प्रथिनांत विणून टाकतं, म्हणून ते साठून राहतं. भारतीयांची दिवसाची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, २०० कशासाठी? फेरिटिन, टीएसएच आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. केस गळण्याची उत्तरं बहुधा तिथे सापडतात.

लालबाग : जिमला जातो. रात्री झिंक-मॅग्नेशियमची गोळी, दिवसा व्हे प्रोटीन. चिलेटेड मिनरलमधलं अमिनो अ‍ॅसिड प्रोटीनमध्ये धरायचं का?

नाही. ३० मिलिग्रॅम लोहाला धरून ठेवणारं ग्लायसिन ८० मिलिग्रॅम भरतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. झिंक-मॅग्नेशियमच्या नेहमीच्या मिश्रणात ३० मिलिग्रॅम झिंक, ४५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि थोडं बी-६ असतं. त्यावर मल्टिव्हिटॅमिन घेत असाल, आणि व्हेच्या डब्यातही खनिजं घातलेली असतील, तर कागदावर बेरीज मांडा. झिंक सहज ४० ओलांडतं. झिंक पुरेसं असलेल्या मुलांमध्ये या मिश्रणाने टेस्टोस्टेरॉन वाढलेलं चाचण्यांत दिसलेलं नाही.

चेंबूर : घरात दोन वर्षांचा नातू आहे. सुनेच्या लोहाच्या गोळ्या ‘सौम्य’ आहेत असं डॉक्टर म्हणाले. तरी जपायला हवं का?

त्या सौम्य आहेत सुनेच्या पोटासाठी, नातवासाठी नाहीत. हिशेब करा. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम निव्वळ लोहापासून विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात आणि ६० पासून जिवाला धोका. दहा किलोच्या पोराला पहिली पायरी २०० मिलिग्रॅमची, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या जेमतेम तीन-साडेतीन गोळ्या. दुसरी पायरी दहा गोळ्यांची, म्हणजे एक पट्टी. साखरेचं आवरण आणि लाल रंग असल्यावर पोर ती जेम्सच्या गोळ्या समजूनच खातं.

गिळल्याची शंका आली तर उलटी करायला लावू नका, दूध पाजून वाट बघत बसू नका. रिकामी पट्टी बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात, वाहन नसेल तर १०८. उलट्या-जुलाब होऊन मग पोर शांत झालं तरी घरी परतू नका. पहिल्या काही तासांनंतर असा फसवा उतार पडतो आणि त्यामागून यकृताचा त्रास येतो.

परळ : पावसाळ्यात या गोळ्यांवर डाग पडतात. घ्याव्यात का?

लोहाची गोळी डागाळली किंवा फुगली असेल तर टाका. ओलाव्याने आवरण फुटलं की आतलं फेरस लोह हवेत गंजून फेरिक होतं, आणि ते कमी शोषलं जातं. ग्लायसिनेटची पावडर हवेतलं पाणी ओढून ढेकूळ होते. मुंबईत जून ते सप्टेंबर १२० गोळ्यांचा मोठा डबा आणूच नका, पट्टीतल्या घ्या. डबा असेल तर आतली सिलिकाची पुडी फेकू नका, ओल्या हाताने गोळी काढू नका, आणि गॅसच्या वरचं कपाट ही जागा तर मुळीच नको.

दहिसर : गच्चीतल्या लिंबाच्या झाडासाठी आणलेल्या बाटलीवरही ‘अमिनो अ‍ॅसिड चिलेटेड झिंक’ लिहिलंय. तेच आपण घेतो का?

पकडीचं तत्त्व तेच, माल तो नव्हे. खतातलं झिंक शेतीच्या शुद्धतेचं असतं, त्यात शिसं आणि कॅडमियम किती चालेल याचे निकष माणसाच्या खाण्याचे नसतात. पानांचा हिरवा रंग जाऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर बाटलीवर दिलेल्या मापाने संध्याकाळी फवारा. आणि ती बाटली स्वयंपाकघरातून आजच बाहेर काढा, सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.